वेदीपाशी बायकांचे हात

रविवारची उपासना आटोपली की पाळकसाहेबांनी काय सांगितले यावर मंडळी घरी जाताना बोलतात. कोण उभे होते, कोण वाकले, कुणाचा हात कुणाच्या डोक्यावर ठेवला गेला, प्रभुभोजनाचे ताट कुणी फिरवले आणि कुणी ते फक्त घासूनपुसून ठेवले, यावर बोलणे होत नाही. आईच्या मांडीवरचे मूल मात्र उपदेश कळायच्या कितीतरी आधीपासून नेमके हेच पाहत असते. देवासमोर बाबांची जागा कुठे आणि आईची कुठे, हे त्याला एकही वचन पाठ नसताना ठाऊक होते. मंडळीची पहिली शिकवण शरीराकडूनच मिळते, आणि ती पुसणे उपदेशाला सहसा जमत नाही.

ख्रिस्ती स्त्रीवादी अभ्यासक गेली काही दशके याच गोष्टीकडे बोट दाखवत आहेत. अमेरिकेतल्या मार्जरी प्रॉक्टर-स्मिथ यांनी १९९० साली ‘इन हर ओन राइट’ या पुस्तकात उपासनेची मांडणी स्त्रियांच्या अनुभवातून तपासली आणि पुढे १९९५ मध्ये डोळे उघडे ठेवून प्रार्थना करण्याचा विचार मांडला. जिला जन्मभर मान खाली घालायला शिकवले गेले, तिला देवघरातही पुन्हा मान खाली घालायला सांगितले तर तिच्यापर्यंत देवाविषयी काय पोचते, हा त्यांच्या विचारातला कळीचा प्रश्न. तेरेसा बर्जर यांनी उपासनेच्या इतिहासात बायकांचे शरीर, त्यांची बाळंतपणे, त्यांच्यावरची बंधने कुठे दडली आहेत ते शोधले. जॅनेट वॉल्टन यांनी हा न्यायाचा मामला असल्याचे सांगितले. ही सगळी नावे दूरच्या विद्यापीठांतली आहेत. प्रश्न मात्र आपल्या सतरंजीवरचाच आहे.

चितेगाव हे पैठण रस्त्यावरचे कारखान्यांचे गाव. कामाच्या ओढीने आलेली कुटुंबे इथल्या आणि बिडकीनच्या पट्ट्यात भाड्याच्या खोल्यांत राहतात, आणि त्यांत ख्रिस्ती घरेही आहेत. एका अंगाला छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतले जुने क्राइस्ट चर्च, दुसऱ्या अंगाला नाथषष्ठीला दिंड्यांनी भरून जाणारे पैठण. दिंडीत डोक्यावर तुळस घेतलेली बाई भर रस्त्यात पदर खोचून फुगडी घालते. तिची ख्रिस्ती शेजारीण रविवारी पदर डोक्यावरून घेऊन, हात मांडीत ठेवून, उजवीकडच्या किंवा डावीकडच्या बायकांच्या बाजूला बसते. या दोघींपैकी मोकळी कोण आणि बांधलेली कोण, याचा निवाडा वरवर वाटतो तितका सोपा नाही. सोपा करूही नये. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपण ज्याला ख्रिस्ती प्रार्थनेची ‘मूळ’ ठेवण समजतो, म्हणजे गुडघे टेकलेले, हात जोडलेले, डोळे मिटलेले, ती तितकी मूळ नाही. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या परिषदेने आपल्या विसाव्या नियमात सांगितले की रविवारी आणि पुनरुत्थानानंतरच्या पन्नास दिवसांत गुडघे टेकू नयेत, उभ्यानेच प्रार्थना करावी. रोममधल्या प्रिस्किल्लाच्या भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातले एक भित्तिचित्र आहे. त्यात एक स्त्री ताठ उभी आहे, डोक्यावर वस्त्र, दोन्ही हात बाजूंना पसरून वर उचललेले, तळवे उघडे, डोळे वर. आज हीच मुद्रा आपण वेदीमागे उभ्या असलेल्या फादरांची म्हणून ओळखतो. त्या भिंतीवर ती एका बाईची आहे. हात जोडण्याची पद्धत युरोपात त्यानंतर कित्येक शतकांनी रुळली. सरदाराने आपले जोडलेले हात राजाच्या ओंजळीत देऊन निष्ठा वाहण्याच्या मध्ययुगीन रिवाजाशी अनेक अभ्यासक तिचे नाते जोडतात. आपल्याकडे नमस्कार आधीपासून होताच, त्यामुळे ती मुद्रा इथे परकी वाटली नाही, आणि तिच्यामागचा धनी-सेवकाचा संबंध कुणाच्या ध्यानात आला नाही.

शास्त्रातही बायकांची शरीरे गप्प नाहीत. समुद्र ओलांडल्यावर मिर्याम डफ घेऊन निघते आणि बाकीच्या बायका नाचत तिच्या मागे जातात. हन्नाचे ओठ प्रार्थनेत नुसते हलतात तर एली याजकाला ती प्यालेली वाटते. बाईच्या प्रार्थनेचा अर्थ पुरुष याजकाने चुकीचा लावल्याची ती पहिली नोंद असावी, आणि एलीला तिथल्या तिथे आपले म्हणणे मागे घ्यावे लागते. लूकच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे कमरेत वाकलेली एक स्त्री शब्बाथ दिवशी सभास्थानात येते. येशू तिला पुढे बोलावतो, तिच्यावर हात ठेवतो, ती ताठ उभी राहते आणि देवाचे गौरव करू लागते. सभास्थानाचा अधिकारी चिडतो तो यावर की हे आजच, इथेच, उपासनेच्या वेळी का. हा उतारा आपल्या मंडळ्यांत बरे होण्याचा चमत्कार म्हणून वाचला जातो. उपासनेच्या मधोमध एका बाईचा कणा सरळ होतो आणि व्यवस्थेला त्याचा त्रास होतो, याही बाजूने तो एकदा वाचून पाहावा.

डोक्यावरच्या पदरासाठी करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाचा हवाला दिला जातो. त्याच अध्यायात बायका सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात, हे पौलाने गृहीत धरले आहे, इकडे मात्र फारसे कुणी लक्ष वेधत नाही. रोमन कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यात स्त्रियांनी डोके झाकावे असा नियम होता, १९८३ च्या कायद्यात तो उरला नाही. आपल्याकडच्या पदराचे मूळ पौलाइतकेच सासऱ्यासमोरच्या अदबीत आहे, म्हणून रोमने नियम काढला तरी पदर राहिला. ज्या आजींना तो हवा आहे त्यांचा तो आहे. सुनेने आणि नातीने तो घेतलाच पाहिजे असे जेव्हा पंचमंडळी ठरवते, तेव्हा ती तपासण्याची गोष्ट होते.

आता हिंदुस्थानी पद्धतीकडे येऊ. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर भारतीय बिशपांनी रोमकडे बारा बदलांची परवानगी मागितली आणि २५ एप्रिल १९६९ रोजी ती मिळाली. या बारा मुद्द्यांतले बहुतेक शरीराचेच आहेत. पादत्राणे बाहेर काढणे, जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी अंजली जोडून वाकणे, वस्तूचे चुंबन घेण्याऐवजी तिला हात लावून तो डोळ्यांना किंवा कपाळाला लावणे, शांतिचिन्ह म्हणून नमस्कार, मेणबत्तीऐवजी समई, आणि आरती. बंगळुरूच्या कॅथलिक उपासना केंद्रातून फादर डी. एस. अमलोरपवदास यांनी ही उपासना देशभर नेली. परक्या चालीरीतींचे ओझे उतरावे हा हेतू मोठा होता आणि त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. त्या यादीतला पंचांग प्रणाम तर विशेष लक्षात ठेवण्याजोगा. साष्टांग दंडवत पुरुषाने घालावा, बाईने घालू नये, हा दंडक मराठी घरांत अजून सांगितला जातो. इथे जो नमस्कार निवडला गेला तो दोघांनाही मोकळा होता, आणि तो पुरोहित व भाविक सगळ्यांनी घालायचा होता. कागदावर तरी वेदीसमोरची जमीन सर्वांना सारखी झाली.

आरतीचे मात्र वेगळे झाले. एखाद्या मोठ्या सणाची मिस्सा आठवून पाहा. दाराशी नऊवारी किंवा काठपदराच्या साड्या नेसलेल्या मुली उभ्या असतात. हातात तबक, तबकात निरांजन, फुले, उदबत्ती. बिशप किंवा फादर आले की पहिली मुलगी त्यांना गंध लावते, दुसरी ओवाळते, ते हात जोडून उभे राहतात. मग मुली वाट सोडून बाजूला होतात आणि मिरवणूक वेदीकडे जाते. पुढचा तासभर त्या मुलींच्या हातांना काम नसते. स्तुतीच्या प्रार्थनेच्या शेवटी पुन्हा फुले, धूप, दीप घेऊन त्या येतात, ओवाळतात, परत जातात. हे दृश्य सुंदर असते यात शंका नाही. पण औक्षण ही आपल्या घरातली कोणाची क्रिया आहे, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. बहीण भावाला ओवाळते, बायको नवऱ्याला ओवाळते, आणि विधवेला पिढ्यान् पिढ्या त्या तबकापासून लांब ठेवले गेले. ही क्रिया जशीच्या तशी उचलून वेदीपाशी आणली की घरातली उतरंडही तिच्याबरोबर आत येते. ओवाळणारी बाई आणि ओवाळून घेणारा पुरुष, हे नाते पवित्र होऊन बसते.

उपाय आरती बंद करण्यात नाही. त्या बारा मुद्द्यांचा आत्मा जपूनच ती बदलता येते. ओवाळायचे तर शास्त्राच्या ग्रंथाला ओवाळावे, वेदीवरच्या भाकरी-द्राक्षरसाला ओवाळावे, आणि तबक कधी म्हाताऱ्या विधवेच्या, कधी वयात आलेल्या मुलाच्या, कधी कारखान्यातून सुटी काढून आलेल्या गड्याच्या हाती द्यावे. पुरोहिताचे स्वागत नमस्काराने होऊ शकते. एवढ्याने गोष्ट किती बदलते ते ज्यांनी केले त्यांना विचारायला हवे. आमच्या मते पुष्कळ बदलते, कारण विधवा तबक घेऊन पुढे आली की त्या गावात शुभ-अशुभाचा एक जुना हिशेब सगळ्यांदेखत मोडतो.

नृत्याबाबतही हेच दिसते. मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमातून फादर जॉर्ज प्रोक्श यांनी भारतीय संगीत-नृत्यातून ख्रिस्तकथा मांडली. फ्रान्सिस बार्बोझा यांनी भरतनाट्यम् शिकून येशू, मरिया, पिता यांच्यासाठी नव्या हस्तमुद्रा घडवल्या. हे काम मोलाचे आहे. तरीही पुरुष नाचला की ती साधना ठरते आणि मुलगी नाचली की तो ‘कार्यक्रम’ होतो, ही आपल्या मनातली वाटणी त्याने हलली नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सगळ्यांत ठळक उदाहरण केडगावचे आहे, आणि ते या साऱ्या पुस्तकांच्या ऐंशीहून अधिक वर्षे आधीचे आहे. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण हातपाय बांधून घेतले नाहीत. चेल्टनहॅमच्या कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. आपल्या वडिलांनी आणि नवऱ्याने जे कधी अडवले नाही ते चर्चने अडवावे याचे आश्चर्य त्यांनी पत्रात मोकळेपणी लिहिले. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नाहीत, हाही वाद त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी घातला. पुढे केडगावला ‘मुक्ती’ ही त्यांची आश्रयसंस्था उभी राहिली. १८९६-९७ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांतून उचलून आणलेल्या मुली, बालविधवा, टाकलेल्या बायका यांनी ती भरली. ज्यांचे केस कापले गेले होते, ज्यांना घराच्या कोपऱ्यात बसवले गेले होते, ज्यांची सावलीही मंगल कार्यात नको होती, अशी ही शरीरे होती.

१९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी तिथे रोजच्या प्रार्थनासभा सुरू केल्या. वेल्समध्ये झालेल्या जागृतीची बातमी आली होती. जूनच्या अखेरीस एका रात्री एक मुलगी अंगाला आग लागल्यासारखे वाटून जागी झाली, तिच्या शेजारी झोपलेली मुलगी पाण्याची बादली आणायला धावली. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानावर बोलत असताना मुलींनी एकदम मोठ्याने प्रार्थना सुरू केली आणि त्यांना आपले बोलणे थांबवावे लागले. पुढचे कित्येक महिने हे चालू राहिले. शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत, रडत, हात उंचावत, टाळ्या वाजवत, डुलत. ज्या मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईंनी हे जवळून पाहिले, त्यांनी १९०६ साली त्यावर छोटे पुस्तक लिहिले. ते चिलीत त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीच्या घरी पोचले आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या सुरुवातीला कारण झाले. दौंड तालुक्यातल्या अनाथ मुलींनी हात उंचावले त्याचे पडसाद दक्षिण अमेरिकेत उमटले, आणि मराठी शाळांत आपण हे शिकवत नाही.

टीका झालीच. हा गोंधळ आहे, हे बायकांचे वेड आहे, असे मिशनऱ्यांपासून देशी मंडळींपर्यंत अनेकांचे म्हणणे होते. रमाबाईंनी १९०७ साली ‘मुक्ती प्रेअर बेल’ या नियतकालिकात याला उत्तर दिले. पाश्चात्त्य शिस्तीच्या कल्पनांनी आपल्या मुलींच्या प्रार्थनेला वळण लावायचे नाही, पवित्र आत्म्याला हिंदी लोकांमध्ये त्यांच्या रीतीने काम करू द्यावे, असा त्यांचा रोख होता. त्या स्वतः शांत प्रकृतीच्या विदुषी होत्या, आणि मुलींना जे झाले ते सगळे त्यांना स्वतःला झालेले नव्हते. आपल्याला न आलेला अनुभव दुसरीला आला तर तिला तो घेऊ देणे, हा त्यांचा मोठेपणा आम्हाला त्या उत्तरात दिसतो. मुक्तीतली शिस्त कडक होती, घंटेवर दिवस चाले, पापाच्या कबुलीचा जोर त्या जागृतीत फार होता, आणि त्याचा काही मुलींवर भारही पडला असेल. पण सभेच्या मध्यभागी कुणी पुरोहित नव्हता. कधी उभे राहायचे आणि कधी रडायचे हे त्या बायका स्वतः ठरवत होत्या. त्याच मुक्तीत बायकांनी छपाईचे खिळे जुळवले, आणि रमाबाईंचे मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, त्या हातांतून पूर्ण होऊन बाहेर आले.

मग बाकीच्या मराठी मंडळ्यांत बायका इतक्या स्तब्ध का झाल्या? साहेबी वळणाचे कारण आहेच. मराठवाड्यात चर्च मिशनरी सोसायटीचे काम झाले, रत्नजी नवरोजी या पारशी घरातून आलेल्या पाळकांनी औरंगाबादेत मंडळी बांधली, जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवले. प्रार्थनापुस्तक इंग्लंडचे आले, त्यातली उठबसही तिथलीच. बाळंतिणीने चाळीसेक दिवसांनी चर्चमध्ये येऊन गुडघे टेकण्याचा विधीही त्याच पुस्तकात होता. पण सगळे साहेबावर ढकलणे अन्यायाचे होईल. मराठवाड्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आले. या घरांतल्या मुलींनाच मुरळी म्हणून खंडोबाला वाहिले जाई, जोगतीण म्हणून सोडले जाई. त्यांचे नाचणे हा गावाचा हक्क समजला जाई. अशा घरातली बाई चर्चमध्ये पायघोळ लुगडे नेसून, हात मांडीत घेऊन, कुणाच्या नजरेसाठी न हलता बसली, तेव्हा त्या बसण्यात केवढा तरी मान होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे वरच्या जातींतल्या बायकांसारखे घोळदार नेसा असे सांगितले, तेही याच कारणाने. शरीराची ठेवण बदलणे ही बंडाची पहिली पायरी होती.

म्हणून स्तब्धता म्हणजे दडपण आणि नाच म्हणजे मुक्ती, असे सरधोपट समीकरण आम्हाला मान्य नाही. पाश्चात्त्य स्त्रीवादी उपासनेत नृत्याला फार मोठे स्थान मिळाले. न्यूयॉर्कमध्ये कार्ला दी सोला यांनी १९७० च्या दशकात त्यासाठी नृत्यपथकच उभे केले. त्या समाजात बाईचे शरीर चर्चमधून हद्दपार झाले होते, तिथे नाचत परत येणे हा विजय होता. आपल्याकडे काही बायकांची शरीरे देवाच्या नावावर नाचवली गेली आहेत. त्यांच्या नातींना चर्चमध्ये नाचायला लावून आपण ‘आपली संस्कृती’ आणली असे म्हणणे बेफिकिरीचे ठरेल. त्याच वेळी हेही खरे की प्रतिष्ठेच्या ओढीत बरेच काही गमावले गेले. बहुतेक ठिकाणी पेटी-तबला आत आला आणि हलगी बाहेर राहिली. जात्यावर ओवी म्हणताना जे अंग डोलत होते ते ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक हातात घेतल्यावर थांबले. आजीला जे सोडून द्यावेसे वाटले ते नातीला परत हवेसे वाटू शकते, आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ठरवण्याचा हक्क मात्र त्यांचाच.

नियमांच्या बाजूने पाहिले तर वाट बरीच मोकळी झाली आहे. १९१७ च्या कॅथलिक कायद्यात पुरुष नसेल तेव्हाच बाईने मिस्सेत उत्तरे द्यावीत, तीही दुरून, वेदीजवळ न येता, असे लिहिले होते. १९९४ मध्ये मुलींना वेदीसेवेची परवानगी स्पष्ट झाली. २०१३ च्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालसुधारगृहात मुलींचेही पाय धुतले आणि जानेवारी २०१६ मध्ये नियमच बदलून स्त्रियांना त्यात घेतले. २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांना रीतसर खुली झाली. भारतीय कॅथलिक बिशपांनी २०१० मध्ये स्त्री-पुरुष समतेचे धोरण जाहीर केले. कॅथलिक पुरोहितपद अर्थात अजून पुरुषांपुरतेच आहे. १९७० साली नागपूरला स्थापन झालेले उत्तर भारतीय चर्च स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देते. दक्षिण भारतीय चर्चने २०१३ मध्ये ई. पुष्पललिता यांना बिशप केले.

गावातल्या मंडळीत मात्र नियम पोचतो आणि हात पोचत नाही. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी छोटे पेले कोण धुते, पांढरे कापड कोण इस्त्री करते, भाकरीचे तुकडे कोण करते? बायका. दुसऱ्या दिवशी ते ताट कोट घातलेले चार पुरुष रांगेने फिरवतात. उरलेले पुन्हा धुवायला आत जाते. यात कुणाचा दुष्टपणा नाही, सवय आहे. ही सवय ज्या दिवशी मोडेल, ताट महिला मंडळाच्या हातून फिरेल आणि पेले मंडळीचे वडीलधारे धुतील, त्या दिवशी मार्थेच्या आणि मरियेच्या गोष्टीवर वेगळा उपदेश लागणार नाही.

पाळीच्या दिवसांत प्रभुभोजनाला जाऊ नये अशी समजूत काही घरांत आजही टिकून आहे. उत्तर भारतीय चर्चच्या किंवा रोमन कॅथलिक चर्चच्या नियमांत असा मज्जाव नाही. बारा वर्षे रक्तस्राव होत असलेल्या स्त्रीने गर्दीत येशूच्या वस्त्राला हात लावला आणि त्याने तो स्पर्श लपू दिला नाही, सर्वांसमोर तिला ‘मुली’ म्हटले. हे व्यासपीठावरून स्पष्ट शब्दांत सांगायला पाळकांना संकोच वाटत असेल तर पाळकीणबाईंनी किंवा सिस्टरांनी सांगावे. सांगितले मात्र गेले पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे घरगुती प्रार्थनासभांनी गंभीरपणे पाहायला हवे. डोक्यावर, खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करण्याची पद्धत आता सर्वत्र आहे. प्रार्थना करणारे बहुधा पुरुष, करून घेणाऱ्या बहुधा बायका, आजारी, खचलेल्या, नवऱ्याच्या दारूने जेरीस आलेल्या. हात ठेवणे ही शास्त्रातली सुंदर क्रिया आहे. पण जिला घरात कुणी न विचारता हात लावतो, तिला इथे तरी आधी विचारले जावे. ‘बाई, हात ठेवू का?’ एवढे चार शब्द. ती नको म्हणाली तर हात जोडून प्रार्थना करता येते. आणि बायकांसाठी हात ठेवायला बायका पुढे आल्या तर अधिक चांगले. जुन्या काळी बायबल बाया घरोघर जाऊन हेच करीत होत्या.

काही ज्येष्ठ बायकाच या बदलांना नको म्हणतात, असा आक्षेप हमखास येतो आणि तो खरा आहे. त्यांचे ऐकायलाच हवे. आयुष्यभर ज्या रीतीने देवापुढे बसलो ती रीत कुणी चूक ठरवू नये, ही त्यांची भावना रास्त आहे. त्यांचे गुडघे दुखत असतात, तरी खाली बसण्याची सक्ती असते. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवणे हाही या विषयाचाच भाग आहे. पण ‘बायकांनाच नको’ हे बहुतेक वेळा बायकांच्या बैठकीत न विचारताच ठरलेले असते. पंचमंडळीत बसलेले पुरुष ते सांगतात.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. दरवर्षी एका देशातल्या ख्रिस्ती स्त्रिया त्या दिवसाची उपासना लिहितात आणि जगभरच्या स्त्रिया ती चालवतात. आपल्याकडेही त्या दिवशी वाचन, प्रार्थना, संदेश, अर्पण, सगळे बायका करतात, ठरवून उभ्या राहतात, ठरवून बसतात, गाण्याला टाळ्या धरतात. दोनच दिवसांनी रविवार येतो आणि त्याच बायका पुन्हा आपल्या बाजूला जाऊन बसतात. चितेगाव-बिडकीनच्या घरगुती सभांपासून छावणीतल्या चर्चपर्यंत ज्यांच्या हाती उपासनेचा क्रम ठरवणे आहे, त्यांनी येत्या वर्षी शुक्रवारची ती उपासना, तिच्या चालवणाऱ्यांसह, रविवारी सकाळी ठेवावी, आणि त्या दिवशी पाळकसाहेबांनी मंडळीत बसावे.